जॅझमधली सात सुरांची कॉर्ड पाच बोटांत कशी बसते?

कीबोर्डवर चार-पाच गाणी बसली की अनेक जण जॅझकडे वळतात आणि पहिल्याच पानावर अडतात. तिथे 'डी मायनर नाइन', 'जी थर्टीन' अशा कॉर्ड्स लिहिलेल्या असतात. थर्टीन्थ कॉर्डमध्ये कागदावर सात सूर असतात. मग पियानोवादक ती एका हाताने कशी वाजवतात?

9, 11, 13 हे आकडे कुठून आले?

पांढरी एक हा सा धरू. एक सूर सोडून पुढचा घ्यायचा, हा कॉर्डचा नियम. त्यानुसार सा-ग-प ही साधी मेजर कॉर्ड. पुढे नी जोडला की सेव्हन्थ. त्यानंतर वरच्या सप्तकातले रे, म, ध येतात. सा पासून मोजल्यास ते नववा, अकरावा आणि तेरावा.

इन्व्हर्जन म्हणजे काय?

सूर तेच ठेवून सर्वांत खालचा सूर बदलणं. सा-ग-प ऐवजी ग-प-सा हे पहिलं इन्व्हर्जन, प-सा-ग हे दुसरं.

जॅझवाले काय करतात?

बँडमध्ये मूळ सूर बास सांभाळतो, म्हणून पियानोवादक तो सोडून देतात. पाचवा सूरही अनेकदा गाळतात. कॉर्डचा स्वभाव मुख्यतः तिसऱ्या आणि सातव्या सुरावरून कळतो. 'काइंड ऑफ ब्लू' (1959) या अल्बममध्ये वाजवणारा बिल इव्हान्स या पद्धतीसाठी ओळखला जातो. तिथे बासवर पॉल चेंबर्स होता.

जॅझमध्ये वारंवार येणारी एक चाल पाहा:

- डी मायनर नाइन (मूळ सूर रे): म-ध-सा-ग
- जी थर्टीन (मूळ सूर प): म-ध-नी-ग
- सी मेजर नाइन (मूळ सूर सा): ग-प-नी-रे

पहिल्या कॉर्डवरून दुसरीवर जाताना एकच बोट हलतं, सा वरून शेजारच्या नी वर. तिसरीवर जाताना नी जागेवर राहतो, बाकीची बोटं फक्त एकेक सूर खाली येतात. प्रत्येक कॉर्ड मूळ सुरापासून वाजवली असती, तर हाताला दर वेळी उडी मारावी लागली असती.

एकट्याने वाजवताना?

बास नसेल तर म-ध-सा-ग ही डी मायनर वाटतच नाही, 'एफ मेजर सेव्हन' वाटते. म्हणून सरावात डाव्या हाताने खाली मूळ सूर धरा आणि हे चार सूर उजव्या हाताने वाजवा.