भाड्याच्या घरासाठी पहिले कर्ज

दिवाळीस जुन्या वहीची बाकी काढून नवी वही पूजिली, की उरलेल्या नफ्याचे काय करावे हा विचार घराघरांत सुरू होतो. अलीकडे त्यास बहुधा एकच उत्तर मिळते : बेळगावात एखादे घर घ्यावे, कमी पडेल ती रक्कम बँकेकडून काढावी, हप्ता भाड्यातून फिटेल. आमच्या तरुण बंधूंनी सही करण्यापूर्वी हा ‘फिटेल’ शब्द तेवढा कागदावर मांडून पाहावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

नेहरूनगर भागात रुग्णालयातील परिचारिका किंवा विद्यार्थी राहू शकतील असे 40 लाखांचे घर उदाहरणादाखल धरू. भाडे दरमहा 12,000, म्हणजे वर्षाचे 1,44,000. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले आणि महानगरपालिकेचा कर, रंगकाम, नळदुरुस्ती यांत 20,000 गेले, तर हाती 1,12,000 उरतात. गुंतलेल्या रकमेवर हे तीन टक्केही होत नाहीत. बँकेचे व्याज 9 टक्के धरले, तर 30 लाखांच्या कर्जाचा 20 वर्षांच्या मुदतीस मासिक हप्ता सुमारे 27,000 येतो. निव्वळ भाडे महिन्यास 9,300. उरलेले साडेसतरा हजारांहून अधिक दरमहा दुकानाने भरावयाचे! हे भाडे जेमतेम 10 लाखांचे कर्ज पेलते. बाकीचे 30 लाख स्वतःचे असतील, तरच घर आपल्या पायांवर उभे राहते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. देता येते म्हणून घ्यावीच असे नाही. शिवाय एवढ्या किमतीच्या घराचे मुद्रांक शुल्क व नोंदणीखर्च त्या किमतीत धरले जात नाहीत; ते पदरचेच जातात.

मग ही तूट कोठून भरली जाते? आमच्या पाहण्यात आलेली बहुतेक संकटे येथेच उपजली. दुकानातील मालावर मिळालेले कॅश क्रेडिट घराकडे वळविले जाते. ते खेळते भांडवल. हंगामात माल भरावयाच्या वेळी खाते कमाल मर्यादेस टेकलेले असते आणि घर तर उद्या सकाळी विकता येत नाही. कर्ज माल खरेदीसाठी घेऊन अन्यत्र वापरल्याचे बँकेच्या ध्यानी आल्यास दुकानाची पतही जाते.

आता घर शोधण्याविषयी. चांगले व्यवहार जाहिरातीपेक्षा गल्लीतच आधी कळतात : कोणाचे मुलगे पुण्यास स्थायिक झाले, कोठे वाटणी होत आहे. वाटणीच्या घरात मात्र भावांच्या सह्यांवर भागत नाही. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांसही लागू आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील त्यापूर्वी वारले असले तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा सासरी असलेल्या बहिणींची संमती इसारा देण्यापूर्वीच घ्यावी. इसाऱ्याची 20,000 वा त्याहून अधिक रक्कम रोखीने देऊ-घेऊ नये. आयकर कायद्यास ते मान्य नाही.

सिटी सर्व्हेचा उतारा व उपनिबंधक कार्यालयातील बोजाचा दाखला सर्वजण पाहतात. परंतु मूळ दस्त बँकेत ठेवून काढलेले कर्ज त्या दाखल्यात दिसेलच असे नाही. म्हणून झेरॉक्सवर न थांबता मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहावे. बँकेच्या लिलावातील घर स्वस्त वाटते, पण तेथे चौथा हिस्सा त्याच दिवशी किंवा पुढील कामकाजाच्या दिवशी आणि बाकी साधारणतः 15 दिवसांत भरावी लागते. ताबाही कित्येकदा केवळ कागदोपत्री असतो. आत राहणाऱ्यास बाहेर काढणे निराळेच.

‘भाडेकरूसह विकणे आहे’ अशा जुन्या बाजारपेठेतील दुकानांचा मोह आमच्या मंडळींस विशेष. बेळगावात आधी 1947 चा मुंबई भाडे कायदा, मग 1961 चा आणि पुढे 1999 चा कर्नाटकाचा कायदा आला. जुना भाडेकरू यांपैकी कोणत्या आधारावर बसला आहे, हे वकिलाकडून समजून घ्यावे. कारण मालक बदलला म्हणून त्याचा हक्क बदलत नाही. आणि त्याच्या दुकानी जाऊन भाड्याच्या पावत्या पाहाव्यात. विकणाऱ्याने सांगितलेला आकडा व पावतीवरील आकडा यांत अंतर पडले, तर हिशेब पावतीवरूनच मांडावा.