बांधकामावर यंत्रमानव का दिसत नाही?

मोटारीच्या कारखान्यात यंत्रमानव जोडकाम करतो, रंगही देतो. मग अमरावतीच्या राजापेठेत एखादे घर बांधले जात असेल, तर तेथे तो का दिसत नाही?

कारखान्यात यंत्रमानव जागेवर असतो आणि काम त्याच्यापुढे येते. प्रत्येक गाडी आधीच्या गाडीसारखीच असते. बांधकामावर नेमके उलट घडते. काम जागेवर असते आणि यंत्राला फिरावे लागते. जमीन उंचसखल, विटा लहानमोठ्या, त्यात धूळ आणि पाऊस. गवंडी वीट हातात घेताच तिचा बाक ओळखतो व मसाला तेवढा कमीजास्त लावतो. माणसाला सोपे वाटणारे हेच काम यंत्राला अवघड जाते.

म्हणून यंत्रमानव प्रथम तेथे येतो, जेथे काम एकसारखे किंवा धोक्याचे असते. जपानच्या शिमिझू कंपनीने १९८०च्या दशकात पोलादी तुळयांवर अग्निरोधक लेप फवारणारा यंत्रमानव कामाला लावून पाहिला, तो याच कारणाने.

रस्ता हेही असेच एकसारखे काम. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान ३ ते ७ जून २०२२ या काळात ७५ किलोमीटर एकपदरी डांबरी थर सलग घालण्यात आला. वेळ लागला १०५ तास ३३ मिनिटे. गिनेस विक्रमांत त्याची नोंद झाली.

असा थर पेव्हर घालतो. त्याच्या मागे तापवलेली जड पट्टी असते. ती दोन बाहूंनी ओढली जाते आणि गरम मिश्रणावर तरंगत चालते. उंची राखण्याची एक पद्धत अशी : रस्त्याकडेला ठरावीक उंचीवर तार ताणतात. संवेदकाचा काटा त्या तारेवर टेकलेला असतो. चाक खळग्यात उतरले की काट्याची स्थिती बदलते. नियंत्रक हा फरक ओळखतो, तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या बाहूचे टोक तेवढेच उचलतो आणि थर सपाट राहतो. मोजणे, ताडून पाहणे, दुरुस्त करणे, यालाच प्रत्याभरण म्हणतात. यंत्रमानवाचा गाभा हाच. दोरी ताणून भिंत बांधणारा गवंडीही हेच करतो.

फरक असा, की या संवेदकाला फक्त उंची कळते. मिश्रण थंड झाले, कडेला खडी सुटी पडली, हे त्याला उमगत नाही. म्हणूनच त्या विक्रमी कामावर सुमारे ७२० माणसे राबली.

दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या मिश्रणापासून मजूर दूर राहिला, तर ते चांगलेच. पण मेळघाटातून बांधकामावर येणाऱ्या मजुराचा रोज त्यामुळे बुडणार असेल, तर हा लाभ कोणाचा? यंत्र चालवण्याचे, दुरुस्त करण्याचे शिक्षण त्याच्यापर्यंत पोचले, तरच याचे उत्तर समाधानकारक असेल.

विद्यार्थ्यांना जवळच्या बांधकामावर नेऊन एवढेच विचारावे : येथील कोणते काम यंत्राला जमेल, कोणते नाही, आणि का?