पॉलिश म्हणजे ड्रम, वॅक्स म्हणजे सारवण

फाल्गुन-चैत्रात आमच्या गोरेगावात गाड्यांचे रंग ओळखू येत नाहीत. सेनगाव तालुक्यातली हळद शिजून, वाळून पॉलिशच्या ड्रमात फिरत असते. तिचा पिवळा भुरका आणि शेतवाटेची काळी धूळ दोन्ही बॉनेटवर येऊन बसतात. गाडीवाला उतरतो, खांद्यावरची दस्ती काढतो आणि कोरडीच फिरवतो. रंग फारच मरगळला, की हिंगोलीला नेऊन ‘पॉलिश मारून’ आणतो. महिनाभर गाडी चकाकते आणि रंगाची काळजी घेतल्याचं समाधानही मिळतं.

काळजी घेतली जाते ती उलटी. पॉलिश आणि वॅक्स ही एकाच कामाची दोन नावं आहेत, हा या विषयातला सगळ्यात महाग गैरसमज. हळदीच्या ड्रमात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासतात, वरची खरबरीत साल भुरका होऊन उडते, आतला पिवळाधमक रंग दिसतो आणि वजनात घट येते. गाडीचं पॉलिश हेच करतं. त्यातले बारीक कण वरचा थर घासून काढतात. वॅक्स म्हणजे सारवण. काही काढायचं नाही, वरून पातळ थर द्यायचा, आणि तो झिजला की पुन्हा द्यायचा.

घासायला आपल्याकडे आहे तरी किती? पत्र्यावर गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. उन्हातली अतिनील किरणं अडवणारं द्रव्य त्यातच असतं. दर दिवाळीला, दर लग्नसराईला मशीन फिरवून तो झिजवला, की पाच-सात वर्षांत टपावर पांढरे पोपडे दिसू लागतात आणि आपण कंपनीच्या रंगाला नावं ठेवतो.

वॅक्सने ओरखडे जातात, असंही ऐकू येतं. जात नाहीत. काही वॅक्समध्ये ओरखड्यात भरून बसणारा तेलकट माल असतो. दोन-चार धुण्यांत तो निघतो आणि रेघ पुन्हा वर येते. नख आडवं फिरवून पाहा. नख अडकलं तर काम वॅक्सचं नाही, पेंटरचं. पत्रा उघडा पडला असेल तर तिथे टचअपचा रंगच हवा. वॅक्सच्या भरवशावर सोडलं तर एका पावसाळ्यात गंज धरतो.

आता डबी कोणती घ्यायची? ‘100 टक्के कार्नोबा’ हे अक्षर वाचून खिसा मोकळा करणारे पुष्कळ. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. नैसर्गिक मेणांत हे सर्वांत कठीण, 82 ते 86 अंशांना वितळणारं. शुद्ध स्वरूपात ते विटेसारखं टणक असतं, बोटाने लागणारच नाही. त्यामुळे डबीत द्रावक, तेलं आणि इतर मेणं मिसळावीच लागतात. त्या 100 टक्क्यांचा अर्थ ‘यातला कार्नोबा अस्सल आहे’ एवढाच. सगळी डबी कार्नोबाची असा नव्हे. काळ्या किंवा लाल गाडीवर त्याची झळाळी खरंच देखणी दिसते. पण तो टिकतो दीड-दोन महिने, उघड्यावर उभ्या गाडीवर त्याहूनही कमी.

त्याऐवजी सिंथेटिक सीलंट, म्हणजे पॉलिमरचं कृत्रिम वॅक्स, चार-सहा महिने टिकू शकतं. आमच्या भागात निम्म्या गाड्या पांढऱ्या, उभ्या राहतात लिंबाखाली नाहीतर रस्त्यावर. त्यांना माझ्या मते हेच बरं. पांढऱ्यावर दोन्हींतला फरक शोधून सापडत नाही. राहिलं सिरॅमिक कोटिंग. ते जास्त टिकतं, पण जाहिरातीतलं ‘9एच’ हे पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचं माप आहे, हिऱ्या-माणकांचं नव्हे. वाळूच्या कणाला ते जुमानत नाही असं समजू नका.

जाड थर दिला तर जास्त दिवस पुरेल, हे मलाही वाटायचं. एकदा मे महिन्यात भर दुपारी टपावर हातभर वॅक्स थापलं. तापलेल्या पत्र्यावर ते क्षणात सुकलं आणि ठिगळं धरून बसलं. आई ओसरीवरून बघत होती. म्हणाली, “पुसूनच काढायचं हाय, तर एवढं लावायलास कामून?” बरोबर होतं तिचं. रंगाला चिकटतो तो अगदी पातळ थर, बाकीचं फडक्यात जातं. संध्याकाळी पत्रा गार झाल्यावर त्याच डागांवर ताजं वॅक्स बोटभर लावलं, तेव्हा जुनं मऊ होऊन सुटलं. तेव्हापासून सावलीत, गाडी धुऊन कोरडी केल्यावर, एका वेळी एकच दार. ओढलेलं बोट स्वच्छ रेघ सोडायला लागलं, की मायक्रोफायबरने पुसायचं. काळ्या प्लास्टिकच्या बंपरला मात्र हात लावू नका, पांढरे डाग राहतात.

पाण्याचे मणी झाले म्हणजे रंग सुरक्षित, हेही अर्धसत्य. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तेच मणी उन्हात सुकले, की मागे पांढरी वर्तुळं ठेवतात. पाणी टिपायचंच. कपडे धुण्याच्या पावडरीने गाडी धुतली तर सारवण लवकर उतरतं, आणि रॉकेल-डिझेलच्या बोळ्याने येणारी चमक नुसता तेलकटपणा, त्यावर धूळ दुप्पट बसते. आणि ती दस्ती! धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, काचेहून कठीण. कोरडं पुसणं म्हणजे हळूहळू पॉलिश मारणंच. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी.

नवीन गाडीला वर्षभर वॅक्स नको, असं सांगणारे भेटतात. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातही चालतं. थांबायचं ते डेंटिंग-पेंटिंग करून आणल्यावर. तो रंग सुकायला महिना-दोन महिने घेतो, पेंटरला विचारूनच लावावं.

दसऱ्याला बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघतंच, निघायलाही हवं. दुसऱ्या दिवशी ते साबणाने घासायला गेलात तर हळद लाल होते, सदऱ्यावरच्या डागासारखी, आणि घरात कालवा होतो की रंगच उतरला. उतरत नाही. साबणातला खार लागला की हळद लाल व्हायचीच. भरपूर पाणी ओतावं, अक्षता आणि दाणे वाहून जाऊ द्यावेत. मागे राहिलेली पिवळी झाक चार दिवसांच्या उन्हात आपली आपण उडते.