हुकूम इथला, अंमल तिथला

मोडी वाचायला मी चाळिशीनंतर शिकलो. पेशवे दफ्तरातल्या पत्रांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. पुण्यात बसलेला माणूस दूरच्या मुलखातल्या कारभाऱ्याला काय करायचे ते लिहून कळवतो. हुकूम इथला, अंमल तिथला. वाटेत पत्र फुटले किंवा त्याचा अर्थ भलत्याच ठिकाणी लावला गेला, की घोटाळा ठरलेला. संगणक मी असाच स्वतःच्या हिमतीवर शिकलो, तेव्हा हेच धोके नव्या वेषात भेटले.

पाषाणच्या आयसर संस्थेत 2019 मध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसवला गेला. त्यावर काम करणारा संशोधक त्याच्या पुढ्यात बसत नाही. आपल्या संगणकावर टर्मिनलची खिडकी उघडून तो ‘एसएसएच’ ही आज्ञा देतो आणि तिच्यापुढे आपले नाव व त्या यंत्राचा पत्ता लिहितो. त्यानंतरची प्रत्येक आज्ञा तिथे चालते. इथे उमटते ते फक्त उत्तर.

पूर्वी हे काम ‘टेलनेट’ करत असे. त्यात पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत प्रवास करी. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड टिपण्याचा प्रकार उघडकीला आला. तिथल्या तातू युल्योनेन यांनी त्याच वर्षी एसएसएच लिहिले. त्यात सगळा मजकूर सांकेतिक होऊन जातो. पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडीही वापरता येते. तिची तुलना शिक्कामोर्तबाशी करावी. शिक्क्याचा ठसा समोरच्याकडे नोंदवलेला असतो, पण शिक्का स्वतः धन्याच्या कमरेचा सुटत नाही. पहिल्या जोडणीच्या वेळी दूरचे यंत्रही आपली खूण दाखवते. बहुतेक जण ती न वाचताच ‘हो’ म्हणतात. खरे तर ती ताडून पाहायची असते, कारण पत्र योग्य माणसाच्या हाती पडते आहे ना, याची तीच खात्री.

आता माझी चूक सांगतो. मोडी कागदांची कच्ची यादी मी भाड्याच्या एका दूरच्या संगणकावर साठवत होतो. तीन महिने खपून दुरुस्त केलेली यादी घरच्या संगणकावर होती. एका रात्री दूरची कच्ची यादी अकारविल्हे लावून तिथेच नव्या नावाने ठेवावी म्हणून मी एकाच ओळीत आज्ञा दिली: एसएसएच, यंत्राचे नाव, क्रमवारीची आज्ञा, मग ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह आणि नव्या फाइलचे नाव. नेमके तेच नाव माझ्या घरच्या यादीचे होते.

ओळ रवाना होण्याआधी ती घरचा ‘शेल’ वाचतो. तो दारातला कारकून. ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह म्हणजे उत्तर या फाइलीत लिही. कारकुनाने तो हुकूम स्वतःलाच समजून घेतला. त्याने आधी माझी फाइल कोरी केली, मग दूरच्या यंत्राशी बोलणे सुरू केले आणि आलेली कच्ची यादी तिच्यात उतरवली. जोडणी झाली नसती, तरी फाइल कोरी झालीच असती. दुसरी प्रत मी ठेवली नव्हती.

उपाय एवढाच होता: दूरची संपूर्ण आज्ञा एकेरी अवतरणचिन्हांत लिहायची. अवतरण म्हणजे लखोटा. त्याच्या आतले कारकून वाचत नाही, जसेच्या तसे पुढे धाडतो. ‘सगळ्या फाइली’ या अर्थी येणाऱ्या तारकाचिन्हालाही हाच नियम लागू. लखोट्याबाहेर राहिले, तर ते घरच्या फाइली मोजते.

आणखी एक. जोडणी तुटली, की तिथे चाललेले काम बहुधा अर्धवट थांबते. म्हणून लांबलचक काम ‘टीमक्स’सारख्या साधनात सुरू करावे. मग आपण निघून गेलो, तरी ते चालू राहते.

ती यादी पुन्हा तयार करायला मला पावसाळा पुरला. आता एंटर दाबण्याआधी मी स्वतःला विचारतो: या ओळीतला कोणता शब्द इथे वाचला जाईल आणि कोणता तिथे?