जमिनीचा दावा हायकोर्टात गेला की कागद इंग्रजीत का होतात?

तालुक्याच्या कोर्टात साक्ष मराठीत होते. सातबारा, फेरफारही मराठीतच. पण अपील हायकोर्टात गेलं की सगळं इंग्रजीत. वाद आपल्याच बांधाचा, पण कागद आपल्यालाच वाचता येत नाही. असं का होतं?

याचं उत्तर राज्यघटनेच्या कलम ३४८ मध्ये आहे. संसद वेगळा कायदा करत नाही तोपर्यंत सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालेल, असं त्यात म्हटलं आहे. त्यामुळे मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

याच कलमात एक वाटही ठेवली आहे. राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपाल हायकोर्टात राज्याच्या राजभाषेला परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये हिंदीला अशी परवानगी आहे. मुंबई हायकोर्टात मराठीला अजून नाही.

सुप्रीम कोर्टाचे काही निकाल आता मराठीतही वेबसाइटवर मिळतात. मात्र ते समजून घेण्यापुरते. अर्थावरून वाद झाला तर इंग्रजी निकालच धरला जातो.

मग आपण काय करायचं?

- इंग्रजी प्रतिज्ञापत्रावर सही किंवा अंगठा करण्याआधी वकिलांकडून ते मराठीत पूर्ण समजून घ्या.
- भाषांतरातला गट नंबर, क्षेत्र आणि वारसांची नावं सातबाऱ्याशी ताडून पाहा. हे आकडे आणि नावं तपासायला फार इंग्रजी यावं लागत नाही.
- चूक दिसली तर कागद दाखल होण्याआधीच सांगा.