घर विकायचे आहे? आधी पाहणारे वाढवा

आमच्या वैभववाडी तालुक्यात आज कुलूप लागलेली घरे प्रत्येक वाडीत आहेत. कोकिसरे, नाधवडे, उंबर्डे, भुईबावडा, कुठेही जा. मुले मुंबईला, मुंब्र्याला किंवा आखातात स्थायिक झालेली, आईवडील अल्लाहघरी गेलेले, आणि चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे चांगले घर पावसात भिजत उभे. कोणाला मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा असतो, कोणाला दुकानात भांडवल घालायचे असते, कोणाला बहिणींचे हिस्से द्यायचे असतात. घर विकायचे ठरते. मग गावातला एखादा माणूस एका गिऱ्हाइकाला घेऊन येतो, ते गिऱ्हाईक नाक मुरडत एक आकडा सांगते, आणि तोच आकडा बाजारभाव समजून घर जाते.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवली जाते. दुकानात एकच गिऱ्हाईक असेल तर भाव तो ठरवतो, चार असतील तर आपण ठरवतो. घराच्या विक्रीलाही हाच हिशेब लागू आहे. दहा माणसांनी घर पाहिले तर त्यातली तीन पुन्हा विचारायला येतात आणि एक विसार देते. म्हणून पाहणारे कसे वाढवायचे, याचा विचार भावाच्या आधी करायला हवा.

आपला खरेदीदार कोण?

माल कोणासाठी आहे हे ठाऊक नसेल तर तो कुठे मांडायचा हेही कळत नाही. वैभववाडीतल्या घराला साधारण चार प्रकारचे गिऱ्हाईक असते.

पहिला शेजारी किंवा भाऊबंद. त्याला अंगण वाढवायचे असते, मुलासाठी वेगळी चूल मांडून द्यायची असते. घराचे गुणदोष त्याला माहीत असल्याने पुष्कळदा तोच रास्त भाव देतो. शरीअतमध्ये शुफाचा, म्हणजे खरेदीत अग्रक्रमाचा हक्क आहे. शाफई मतानुसार तो सहमालकाला आहे, हनफी मतात शेजाऱ्यालाही आहे. आपले कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई असले तरी शेजाऱ्याला आधी विचारण्यात धर्मही आहे आणि व्यवहारही. उद्या त्याने रस्त्याची किंवा बांधाची तक्रार काढली तर दुसरे गिऱ्हाईक परत फिरते.

दुसरा मुंबईकर. निवृत्तीनंतर गावाकडे येऊ पाहणारा, किंवा मे महिन्यात मुलांना आणायला जागा शोधणारा. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हापासून या गिऱ्हाइकाचे येणे सोपे झाले आहे. दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस त्याला सकाळी वैभववाडी रोड स्टेशनावर उतरवते आणि त्याच रात्री परतीची गाडी मिळते. म्हणजे एका रजेत घर पाहून होते. ही गोष्ट त्याला आपण सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांना ती माहीत नसते. पावसाळ्यात रेल्वेचे वेळापत्रक बदलते, तेही सांगावे.

तिसरा घाटावरचा व्यापारी. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर, आणि करूळ किंवा भुईबावडा घाट उतरला की आपला तालुका. ज्याला कोकणात माल उतरवायचा आहे, गोदाम करायचे आहे, त्याला रस्त्याकाठचे घर उपयोगाचे. मात्र पावसात दरडी कोसळून घाट बंद पडतात, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. ते लपवू नये.

चौथा नोकरदार आणि कारागीर. शिक्षक, बँकेतले, तहसील कचेरीतले लोक, तसेच शिंपी, सुतार, वेल्डिंगवाले. कारागिराला राहत्या घरासोबत काम करायला जागा हवी असते. आपल्या घराची पडवी रस्त्याकडे उघडत असेल तर तिच्यात दोन मशिनी बसतात, हे त्याला सांगा. अशा घराला राहणारा आणि धंदा करणारा, असे दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक येते.

कागद तयार नसतील तर पाहणारा एकदाच येतो

मुंबईहून रजा टाकून आलेला माणूस घर पाहून खूश होतो आणि विचारतो, "कागद दाखवा." तिथे आपण म्हणतो, "ते भावाकडे आहेत, भाऊ कुवेतला आहे." तो माणूस पुन्हा येत नाही आणि आपल्या चार ओळखीच्यांनाही येऊ देत नाही. म्हणून जाहिरात करण्याआधी एक फाइल बांधावी.

त्यात ग्रामपंचायतीचा घरपत्रक उतारा हवा, म्हणजे नमुना आठ. घर वाभवे-वैभववाडी नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर तिथला कर आकारणीचा उतारा. चालू सालापर्यंतच्या घरपट्टीच्या पावत्या. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि फेरफाराच्या नकला. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी करून सनदा दिल्या जातात. आपल्या गावाची सनद निघाली असेल तर ती आधी हातात घ्यावी. कोकणात गावठाणातल्या कित्येक घरांना घरपट्टीच्या उताऱ्यापलीकडे कागदच नव्हता, त्यांना याचा मोठा आधार आहे.

घर शेतजमिनीच्या सातबाऱ्यात उभे असेल तर ते पहिल्याच बोलण्यात सांगावे. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सरकारी परवानगीवाचून घेता येत नाही. मुंबईतले निम्मे गिऱ्हाईक इथेच गळते. ते दोन महिने बोलणी झाल्यावर गळण्यापेक्षा आधीच गळलेले बरे. जमीन बिनशेती करून घेता येत असेल तर विक्रीआधी करून घ्यावी, पाहणारे आपोआप वाढतील.

बहिणींचा हिस्सा

हा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा लिहितो, कारण आपल्या समाजातले सर्वांत जास्त सौदे इथे अडतात. बापाचे निधन झाले की त्याच क्षणी वारसांचे हिस्से ठरतात. मुले असतील तर विधवेला आठवा, आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. मुलीचा हिस्सा अर्धा असला तरी तो तिचा आहे. ती लग्न होऊन खारेपाटणला गेली काय किंवा दुबईला, हक्क संपत नाही. "बहिणी काही मागत नाहीत," हे वाक्य खरेदीदाराच्या वकिलाला चालत नाही आणि अल्लाहपुढेही चालणार नाही.

पुष्कळ घरांत सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असते. आधी वारस नोंद करून सर्वांची नावे चढवावीत. सगळ्यांना एकत्र बसवून किमान किंमत ठरवावी आणि कोणाला किती मिळणार ते कागदावर लिहावे. एखादी बहीण आपला हिस्सा खरोखरच खुशीने सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. एखाद्या भावाने एकट्याने आपला हिस्सा बाहेरच्या माणसाला विकला तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार त्या बाहेरच्याला कुटुंबाच्या राहत्या घरात एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही. त्यामुळे शहाणा खरेदीदार अर्ध्या सह्यांच्या घराकडे फिरकतच नाही. सर्व वारस तयार आहेत, ही घराची सर्वांत मोठी जाहिरात आहे.

परदेशातल्या वारसाला येता येत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवता येते. ते भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मात्र नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. खरेदीखत नोंदवलेच पाहिजे.

घर उजेडात दाखवा

कापड घेणारे जाणते गिऱ्हाईक थान उचलून दुकानाच्या दारात नेते, कारण खरा रंग उन्हात दिसतो. घरही तसेच दाखवावे. दोन वर्षे बंद असलेले घर उघडले की ओलीचा वास येतो, आणि पाहणाऱ्याचा निर्णय तिथेच होतो. पाहणी ठरली की आठ दिवस आधी दारे-खिडक्या उघडून वारा खेळू द्यावा. फुटकी कौले बदलावीत, वाळवीची घरे काढून लाकडाला औषध मारावे, आतून चुन्याचा एक हात द्यावा. अंगणातले रान काढावे. माळ्यावरचा अडगळीचा ढीग उतरवावा, म्हणजे वासे आणि आढे दिसतील. फणसाचे किंवा सागाचे जुने लाकूड असेल तर ते रंगाखाली झाकू नये, त्याची किंमत जाणकार देतो. या कामाला गावातलाच सुतार, गवंडी, रंगारी लावावा. हेच कारागीर दहा घरी जातात आणि घर विकायचे आहे ही बातमीही नेतात.

पाण्याची गोष्ट सर्वांत मोठी. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, पण एप्रिल-मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. आपल्या विहिरीला मे महिन्यात पाणी असेल तर मे महिन्यातच घर दाखवावे. तेव्हा मुंबईकरही गावी असतात. गणपती आणि दिवाळीतही बाहेरची माणसे येतात. ईदला आपली माणसे येतात, पण चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, त्याप्रमाणे बेत करावा.

बातमी पसरवायची कशी?

मोबाइलवर दिवसाच्या उजेडात फोटो काढावेत. समोरून, मागून, विहीर, येण्याची पाणंद, आतल्या खोल्या, छप्पर. एक छोटी चित्रफीत पावसातलीही असावी. छप्पर गळत नाही याचा त्याहून चांगला पुरावा नाही. सोबत चार ओळींत मजकूर लिहावा: जागा किती गुंठे, बांधकाम किती चौरस फूट, गाडी दारापर्यंत येते का, स्टेशन किती अंतरावर, पाणी कसले, कागद कोणते, आणि अपेक्षित किंमत. किंमत न लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांना फोन पुष्कळ येतात, पाहणारे थोडे. वारसांच्या नावांचे कागद आणि आधार कार्डे मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाही पाठवू नयेत. ते समोर बसून दाखवावेत.

हा मजकूर गावच्या मुंबईतल्या मंडळांकडे, आखातातल्या गाववाल्यांच्या गटांत आणि बाजारातल्या ओळखीच्या दुकानदारांकडे द्यावा. मशिदीत खरेदी-विक्रीची बोलणी करू नयेत, हे आपण जाणतोच. बाहेर चहाच्या टपरीवर मनाई नाही. दलालाला सांगितले तर दलाली किती, कोणाकडून आणि केव्हा, हे आधी ठरवावे. एकालाच बांधून घेऊ नये. आणि तालुक्यात एक विश्वासू माणूस किल्ली घेऊन हजर असावा. "किल्ली मुंबईला आहे" म्हणून परत गेलेले गिऱ्हाईक आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

ऐब सांगितल्याने गिऱ्हाईक जात नाही

भिंतीला ओल असेल, पाणंदीचा वाद असेल, न्हाणीघराचे पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत जात असेल, तर सांगून टाकावे. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. ओला माल वर ठेवा, म्हणजे लोकांना दिसेल. देशाचा कायदाही विक्रेत्यावर हीच जबाबदारी टाकतो. थानातला डाग आपण दाखवला तर गिऱ्हाईक गजामागे थोडे कमी देते. तो त्याने घरी जाऊन पाहिला तर पूर्ण थान परत आणते आणि बाजारात बोभाटा करते.

विसार घेताना एक काळजी. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे, आणि घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. रक्कम बँकेतूनच घ्यावी आणि लेखी करार करावा. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्यदर यांतील जास्त असेल त्यावर लागते. तो दर आधी काढून ठेवला तर शेवटच्या दिवशी खरेदीदाराशी खटका उडत नाही.

प्रत्येक पावसाळा बंद घराची थोडी किंमत घेऊन जातो. यंदा विकायचे असेल तर वारसांची बैठक या महिन्यात घ्यावी, फाइल त्यानंतर बांधावी आणि मग दार उघडावे. पाच-सहा चांगली माणसे पाहून गेल्याशिवाय पहिल्या आकड्याला हो म्हणू नये. घर बापाने घामाने बांधलेले असते. त्याचा रास्त भाव आणणे आणि तो प्रत्येक हक्कदाराच्या हातात पोचवणे ही आपल्याकडे असलेली अमानत आहे.