आठवीनंतर सगळे एकदम का थांबते? पाचवी ते आठवीच्या पालकांना माहीत हवेत असे शाळेचे नियम

आपल्या वस्त्यांमध्ये शिक्षणाचा विषय निघाला की बोलणे दोनच ठिकाणी अडकते. एक पहिलीचा प्रवेश आणि दुसरा दहावीचा निकाल. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा विहारात सत्कार होतो, जूनमध्ये वह्या-दप्तरांचे वाटप होते. मधली पाचवी ते आठवी ही वर्षे मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतात. मूल शाळेत जाते आहे, पुस्तके मिळाली, दुपारी खिचडी मिळते आहे, म्हणजे सगळे ठीक चालले आहे असे घरात धरून चालतात. माझे काम वस्तीपातळीवरचे असल्यामुळे मी खात्रीने सांगू शकते की नववी-दहावीत सुटलेल्या बहुतेक मुलांची अडचण सहावी-सातवीतच सुरू झालेली असते. तेव्हा कोणी विचारलेले नसते, एवढेच.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी गळतीचा हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांत जमा होतात, असे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा उंबरठा चौथीचा होता. आज तो पुढे सरकून आठवी आणि नववीच्या मध्ये आला आहे. त्याचे एक कारण खुद्द कायद्याच्या रचनेत आहे.

मोफत म्हणजे आठवीपर्यंतच

संविधानाच्या कलम २१-क नुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. या कायद्यात प्राथमिक शिक्षण म्हणजे पहिली ते आठवी. त्यामुळे सरकारी आणि अनुदानित शाळांतली मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत, शालेय पोषण आहार आठवीपर्यंत, सरकारी शाळेतला मोफत गणवेशही आठवीपर्यंत. नववीच्या जूनमध्ये पुस्तके, गणवेश, प्रवास आणि दुपारचे जेवण हा सगळा खर्च एकाच महिन्यात घरावर येतो. ज्या गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे, तिथे दूरच्या शाळेत जाण्याचा खर्च एक वर्ष आधीच सुरू होतो. अनुदानित शाळेत फी नसते म्हणून 'खर्च काहीच नाही' असे म्हणणाऱ्यांनी एकदा नाक्यावर काम करणाऱ्या घरात बसून हा हिशेब करून पाहावा.

यापेक्षा मोठा धक्का २५ टक्के आरक्षणातून खाजगी विनाअनुदानित शाळेत गेलेल्या मुलांच्या घरी बसतो. ही तरतूद कायद्याच्या कलम १२ मधली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. आपल्याकडे या लढ्याची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. पण आत गेलेल्या मुलाचे आठवीनंतर काय होते, याची चर्चा झाली नाही. आठवी संपली की शासनाची फी-प्रतिपूर्ती संपते. नववीला शाळा पूर्ण फी मागते आणि पालकांना हे कळते एप्रिल-मे मध्ये, जेव्हा अनुदानित शाळांतल्या जागा भरत आलेल्या असतात. आठ वर्षे इंग्रजी माध्यमात शिकलेले मूल मग जिथे जागा मिळेल तिथे बसते किंवा घर कर्ज काढते. त्यामुळे अशा पालकांनी पुढच्या शाळेची चौकशी सातवीतच सुरू करायला हवी आणि त्यांना हे आपल्यापैकी कोणीतरी सांगायला हवे.

'नापास करत नाहीत' हे आता अर्धेच खरे

आठवीपर्यंत कोणाला नापास करत नाहीत, हा समज अजून घट्ट आहे. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले आणि २०२३-२४ पासून ही परीक्षा सुरू केली. पाचवीला प्रत्येक विषयाची ५० गुणांची, आठवीला ६० गुणांची, उत्तीर्ण होण्यासाठी किमान ३५ टक्के. जो विषय राहिला त्यासाठी शाळेने जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची. त्यातही नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत नापास झाले म्हणून कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'दाखला घेऊन जा' असे तोंडी सांगितले जाते, ते बेकायदा आहे. दुसरी, पुनर्परीक्षेची सूचना उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. सुट्टीत आपली निम्मी कुटुंबे गावाला, लग्नाला किंवा कामाच्या शोधात बाहेर असतात. सूचना आता वहीत लिहून येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येते. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर. परीक्षा होऊन गेल्यावर कळते. मूल एक वर्ष मागे राहते आणि मुलगी असेल तर 'आता पुरे झाले' म्हणायला घरात कोणीतरी तयारच असते.

दाखल्यावरचे दोन रकाने

माझ्या मते बौद्ध कुटुंबांसाठी या वर्षांतला सर्वात महत्त्वाचा कागद प्रगतिपुस्तक नाही, तर शाळेचे जनरल रजिस्टर आहे. मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात त्यात लिहिलेली असते. शाळा सोडल्याचा दाखला आणि बोनाफाईड त्यावरूनच निघतात. पुढे जातीचे प्रमाणपत्र काढताना आणि पडताळणीच्या वेळी समितीसमोर तोच कागद लागतो.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी अभिमानाने धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले आणि जातीचा रकाना रिकामा ठेवला किंवा तिथेही 'बौद्ध'च लिहिले. काहींच्या रजिस्टरवर गुरुजींनी न विचारता 'हिंदू' टाकले. एकाच घरात मोठ्या मुलाच्या दाखल्यावर 'हिंदू महार', धाकटीच्या दाखल्यावर 'बौद्ध' आणि वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' असे आढळते. महाराष्ट्राने नवबौद्धांना राज्याच्या सवलती आधीच दिल्या होत्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो १९९० च्या दुरुस्तीने. त्या आदेशातली यादी जातींची आहे, धर्माची नाही. म्हणून प्रमाणपत्रासाठी धर्म बौद्ध आणि जात यादीतली पूर्वाश्रमीची, अशा दोन्ही गोष्टी कागदोपत्री दिसाव्या लागतात.

जात सोडली असताना ती पुन्हा का लिहायची, असे तरुण कार्यकर्ते चिडून विचारतात. ही चीड मला समजते. पण रजिस्टरमधली नोंद आपल्या श्रद्धेची घोषणा नाही, ती हक्काचा पुरावा आहे. धर्माच्या रकान्यात ठामपणे 'बौद्ध' लिहावे आणि जातीच्या रकान्यात घटनात्मक संरक्षण ज्या नावाने मिळते ते नाव लिहावे. त्याने धम्म कमी होत नाही. यावर आपल्यात मतभेद आहेत हे मला माहीत आहे, पण त्याची किंमत वीस वर्षांनी पडताळणी समितीच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलीने मोजू नये. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. त्यासाठी लोक आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा शोधत गावोगाव फिरतात. आजचे रजिस्टर आपल्या नातवंडांसाठी तोच उतारा होणार आहे.

चुकीची नोंद मूल त्या शाळेत शिकत असतानाच दुरुस्त करून घेणे सोपे पडते. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज, जोडीला वडिलांचे किंवा आजोबांचे पुरावे, आणि शिक्षण विभागाची मंजुरी. शाळा सोडल्यानंतर हेच काम खूप जड होते. आठवीत शाळा बदलण्याआधी रजिस्टरची नोंद एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी.

दाखल्याबद्दल आणखी एक. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठी मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा, असे कलम ५ सांगते. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही आणि दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी हे कलम फार कामाचे आहे.

समितीत नाव असते, माणूस नसतो

सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कलम २१ प्रमाणे तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व हवे. प्रत्यक्षात काय होते? आपल्यातल्या एखाद्या ताईंचे नाव समितीत असते, रजिस्टर सहीसाठी घरी येते आणि सभा कधी झाली हे ताईंना माहीत नसते. सही करण्याआधी इतिवृत्त वाचून दाखवा, एवढे म्हणायलाही सोबत कोणीतरी लागते.

ही समिती अनुदानाचा खर्च पाहू शकते, शाळेचा विकास आराखडा करू शकते. पोषण आहारात पाचवीपर्यंत १०० ग्रॅम तांदूळ असतो, सहावीपासून १५० ग्रॅम. वाढत्या वयाच्या मुलाला ताटात खरोखर जास्त पडते का, हे सभेत विचारता येते. मुलांना कोणी वेगळे बसवते का, स्वच्छतेचे काम ठरावीक मुलांनाच लावले जाते का, हेही विचारता येते. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला कलम १७ ने बंदी आहे, आणि जातीवरून टोमणा मारणे हा मानसिक छळच आहे. शाळेत सखी सावित्री समिती नेमण्याचा शासन निर्णय २०२२ चा आहे. आपल्या शाळेत ती आहे का आणि तिच्यावर कोण आहे, हे सहावी-सातवीतल्या मुलींच्या आयांना माहीत असायला हवे.

विनाअनुदानित शाळेला व्यवस्थापन समितीची ही तरतूद लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव त्याच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. या समितीत कोण आहे हे विचारले तरी शाळेचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

सातवी-आठवीत चुकवू नये असे

पाचवीपासून मुलींसाठी सामाजिक न्याय विभागाची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या मुलींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, तरी उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून अर्ज मागे ठेवल्याचे ऐकू येते. सहावीपासून अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळा आहेत, दहावीपर्यंत. स्थलांतर करणाऱ्या घरासाठी हा पर्याय पाचवीच्या उन्हाळ्यातच पाहावा लागतो.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. लोक तिला एनएमएमएस म्हणतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. मोफत शिक्षण जिथे संपते, तिथेच ही रक्कम सुरू होते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५०. मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असले पाहिजे. पेपर दोन, बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, प्रत्येकी ९० गुणांचे. याची तयारी वस्तीतला एखादा कॉलेजचा विद्यार्थी रविवारी विहारात सहज करून घेऊ शकतो.

हा अर्ज पालकाला सायबर कॅफेतून भरता येत नाही, तो शाळेच्या लॉगिनवरूनच भरला जातो. त्यामुळे शाळेने मनावर घेतले नाही तर हुशार मूलही यादीत येत नाही. दिवाळीच्या सुट्टीची वाट न पाहता सहामाहीच्या आधीच आपल्या भागातल्या प्रत्येक मुख्याध्यापकांना भेटा आणि यंदा आठवीच्या किती मुलांचे अर्ज भरणार आहात, हे लेखी विचारा.